मधलं कडवं

हल्ली कोणीही उठतं आणि म्हणतं, बाई, तुमच्याकडची गाणी द्या. मोबाईल पुढे धरतात, चाल विचारतात, कोणत्या सणाचं ते विचारतात. ते गाणं कोणाच्या पोटातून आलं हे मात्र कोणी विचारत नाही. मला याचा फार राग येतो. आमच्या बायांची निम्मी गाणी कोणाच्या ना कोणाच्या मरणावर जोडलेली आहेत. उरलेली सासरवर जोडलेली आहेत. या दोन्हींत फार फरक आहे असं कोणी समजू नये.

माझं माहेर अमडापूरच्या जवळ. घर भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, मिरची काढायची आणि बाजाराला न्यायची. कापसा-सोयाबीनच्या वेळेला गल्लीतल्या बायांची टोळी निंदायला, तण काढायला जायची, त्यात घरच्या लेकी-सुनाही असायच्या. या टोळीचा एक कायदा होता. जी बाई गाणं टाकेल तिनं आधी त्याची हकिकत सांगायची. कोणी जोडलं, कशावरून जोडलं, तेव्हा काय झालं होतं. हकिकत नसेल तर बाया म्हणायच्या, ‘रेडिओवरचं दिसते, राहू दे.’ आणि एकीनं ओळ टाकली की दुसरीनं ती उचलायची. गाणं अधांतरी सोडायचं नाही, सोडलं तर ज्या घराचं असेल त्या घराला लागतं, असं सगळ्या मानायच्या. मी चार बुकं शिकले तरी अजून मानते.

या टोळीत गाणी जोडण्यात माझ्या मोठ्या मायचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोठी माय म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण समोर काही घडलं की तिच्या तोंडून ओळ बाहेर पडलीच. माझ्या बापानं कोणाची तरी जुनी मोटारसायकल आणली, ती काही केल्या सुरू होईना, तर संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली म्हणत होती:

दीरानं आनली गाडी, दारात लावली
किका मारता मारता, विजार फाटली

बाप दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. अशी होती ती. हसरी, फटकळ, कोणाची भीडभाड न ठेवणारी. हे सांगते, कारण आता तिला पाहणाऱ्याला हे खरं वाटणार नाही.

तिला एकच लेक होती. माझ्याहून थोडी मोठी, माझी चुलत बहीण. तिला दुसरबीडच्या बाजूला दिलं. घर चांगलं होतं, जमीन होती, विहिरीला पाणी होतं. वर्षभरात मुलगी झाली. नवरा मारतो हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे असंच असतं. ‘थोडंफार होतंच,’ असं म्हणून मोठी माणसं सुपारी कातरत बसायची.

एकदा ती सकाळी सकाळी आली. एकटीच. लेकरू तिकडंच ठेवून घेतलं होतं. मोठ्या मायनं तिला पाणी तापवून दिलं आणि पाठीवर पाणी ओतायला मला बोलावलं. ती पाठ मी पाहिली आहे. मोठ्या मायनंही पाहिली. बाहेर ओट्यावर माझा बाप आणि मोठ्या मायचा नवरा, मोठे बाबा, बसले होते. त्यांनी काही पाहिलं नाही, कारण त्यांना आत यायची गरज वाटली नाही. तेव्हा माझी सोयरीक चालू होती, चिखलीकडची माणसं पाहून गेली होती. एक लेक घर सोडून माहेरी बसली तर दुसरीला कोण करणार, अशी चर्चा झाली. मोठ्या मायला विचारलं नव्हतं, तरी तिनं ती आतून ऐकली. दुपारी तिनं भाकरी बांधल्या, लेकीचा हात धरून फाट्यावर नेली आणि एसटीत बसवून दिली. मी दारात उभी होते. बहीण जाताना माझ्याकडे पाहून हसली, ‘तुह्या लग्नात येतो पाय,’ म्हणाली.

ती आली नाही. त्याच महिन्यात ती तिकडं विहिरीत सापडली. पाय घसरला, असा निरोप आला. पडली, कोणी ढकलली, की तिनंच उडी घेतली, हे आजपर्यंत कोणाला कळलं नाही. पाठीवरचे वळ मात्र अंघोळ घालणाऱ्या बायांनी पाहिले.

आमच्याकडे बाया नुसत्या रडत नाहीत, शब्द घालून रडतात. गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्या रडण्यात येतं: काय खायचं, कोणी छळलं, कोणी पाणी दिलं नाही. मयताच्या दारात मोठ्या मायनं पहिला शब्द उचलला आणि जावयाच्या घरची माणसं सावध झाली. माझा बाप पुढे झाला. तिचा दंड धरून म्हणाला, ‘वहिनी, गपा. लेकरू इथंच राह्यनार हाय. त्याच्याकडं पाहा.’ मोठ्या मायनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आपल्या लेकीच्या मयताला आई मुक्यानं बसली. माझ्या बापानं लेकराच्या काळजीपोटीच तसं केलं असेल. तरीही त्या गोष्टीसाठी मी त्याला माफ केलेलं नाही, आता तो हयात नाही तरी.

माझं लग्न ठरल्याप्रमाणे झालं.

ते रडणं मोठ्या मायच्या आत राहिलं आणि पुढच्या निंदणीत त्याचं गाणं झालं. मी तेव्हा माहेरी आले होते. वाफ्यात आम्ही घरच्याच तीन-चार बाया होतो. तिनं हकिकत सांगितली नाही. सांगायची गरजही नव्हती. खुरपं चालता चालता तिनं ओळ टाकली:

दिवस उगता उगता, कडी वाजवे कोन
लेक उभी दारी वं, पाठीवर वळ दोन

आम्ही कशीबशी उचलली. मग तिनं दुसरं कडवं म्हटलं:

दिली शिदोरी बांधून, फिरवली माघारी
लेक गेली माह्या हातानं, इहिरीच्या दारी

हे कोणाला उचलता येईना. तिनं एकटीनंच दोनदा म्हटलं आणि पुढे गेली:

इहिरीच्या पान्या, खरं काय ते सांग
लेकीच्या पाठीवर, कोनं काढली रांग

वाफा संपल्यावर ती म्हणाली, ‘मधातलं कडवं आपल्या आपल्यात. बाहेर नोका नेऊ.’ त्यानंतर ते कडवं मी तिच्या तोंडून कित्येक वर्षं ऐकलं नाही. पहिलं आणि तिसरं ती कुठेही म्हणायची, लोकांच्या वावरात, बारशात, बाजारातून येताना जीपमध्ये.

पुढे आमच्याकडे शेडनेट आले. जाळीच्या आत मिरचीचं, टमाट्याचं बियाणं करतात. बायांनी एकेका फुलाला हातानं पराग लावायचा, त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. हात गुंतलेले, मान खाली आणि तोंड मोकळं. तिथं गल्लीतल्या एका सुनेनं मोठ्या मायचं गाणं मोबाईलमध्ये घेतलं आणि स्टेटसला ठेवलं. ते एकीकडून दुसरीकडे गेलं. दुसरबीडकडे पोचायला वेळ लागला नाही. तिथल्या लोकांना गाणं ऐकून विहीर कोणाची हे विचारावं लागलं नाही. जावई बाजारात दिसला की पोरं गुणगुणायची. त्याच्या थोरल्या बहिणीनं माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, ‘तुमच्या बुढीले आवरा, आमची इज्जत गेली.’

मोठ्या मायला हे कळलं तेव्हा तिनं खूप दिवसांनी जेवताना दोनदा मागून वाढून घेतलं. ‘पोलिसायनं नाही केलं ते गान्यानं केलं,’ म्हणाली. तिच्याजवळ साक्षीला दुसरं काही नव्हतं. होतं ते एवढंच, चार ओळींचं. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं.

गाणं तिच्या नातीपर्यंतही गेलं. लेकरू म्हणून जिच्यासाठी सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती ती आता कॉलेजात होती. सावत्र आईच्या हाताखाली वाढली, पण त्या बाईनं तिचे हाल केले नाहीत, हेही सांगायला हवं. नातीनं आजीचा आवाज ओळखला आणि फोन केला. ‘आजी, याची हकिकत काय?’ मोठ्या मायनं तिला सांगितली. बापाचा मार, पाठ, विहीर, मयताच्या दारातलं मुकं बसणं, सगळं. मधलं कडवं तेवढं सांगितलं नाही. मी तिथंच बसले होते. फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

दोन-तीन वर्षांपूर्वी त्या पोरीचं लग्न साखरखेर्ड्याला जमलं. आमच्याकडे पहिली हळद जात्यावर दळतात, बाजारात पुडे मिळत असले तरी. दळताना आवतनाची गाणी म्हणायची. आधी गावच्या मारोतीला आवतन, मग कुळदेवीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. एक बाई गाण्यात बोलावते आणि गेलेल्या माणसाच्या वतीनं दुसरी बाई ‘येतो’ म्हणून ओळ परतवते. उत्तर आलं म्हणजे ते माणूस मांडवात आलं. अपमृत्यू झालेल्याला मात्र कोणी बोलवत नाही. विहिरीत गेलेल्या बाईचं नाव त्या घरात इतक्या वर्षांत निघालं नव्हतं, ते हळदीला कुठून निघणार?

पण नवरी अडून बसली. ‘माह्या मायले आवतन दिल्याबिगर मी हळद लावून घेनार नाही, अन् ते माही आजीच देईन.’ बाप चिडला, ती फोन करणारी आत्या चिडली, शेवटी तोडगा निघाला. आजीनं यायचं, आवतनाची एक ओवी म्हणायची, ते विहिरीचं गाणं काढायचं नाही.

मोठ्या मायनं लगेच हो म्हटलं. तिला दुसरं काही नको होतं. तिची लेक त्या घरात चोरासारखी मेली होती, तिला तिथं एकदा नावानिशी बोलवायचं होतं, पाहुण्यांदेखत, देवांच्या मागोमाग. त्यासाठी तिनं नवं लुगडं घेतलं. मोठे बाबा आले नाहीत, ‘कोनतं तोंड घेऊन जाऊ,’ म्हणाले. आम्ही दोघी काळीपिवळी जीपनं निघालो. मेहकर फाट्यापासून ती सारखी ओवी जोडून पाहत होती, मोडत होती. लेकीच्या वतीनं ‘येतो’ मी म्हणायचं, असं तिनं मला बजावलं. ‘आवाज चढा लावजो. तिचा तसाच व्हता.’

हळदीला अंगण भरलं होतं. बाहेर डीजेवाला वायरी जोडत होता. जात्याला आंब्याची पानं बांधलेली, भोवती सवाष्णी. मारोतीचं झालं, देवीचं झालं, जावयाच्या बापाचं झालं, तिथल्या एका चुलत्याचं झालं. प्रत्येकाला उत्तर आलं. मग नवरीनं आजीकडे पाहिलं. मोठी माय जात्याला बसली, खुंटा धरला. आत्या तिच्या समोर येऊन बसली, पहाऱ्यालाच जणू. जावई मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. मोठ्या मायचा आवाज आता फाटलाय, पण त्या दिवशी तो घट्ट निघाला:

आवतन माह्या लेकीले, पान्याच्या वाटेनं
हळद तुह्या लेकीची, ये वं माय थाटानं

बायांचे डोळे भरले. सावत्र आईनंही पदर लावला. मी ‘येतो’ म्हणायला श्वास घेतला, तोच नवरीनं तोंड उघडलं. आपल्याच हळदीला नवरी गात नसते. तिचा आवाज चढा होता, अगदी तिच्या आईचा:

येऊ कशी माय, तुह्या आवतनाले
आलती तवा वं, काऊन धाडलं मले

जातं थांबलं. पहिली हळद मध्येच थांबवू नये म्हणतात, पण ते सांगायचं भान कोणाला राहिलं नाही. मी मोठ्या मायकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, की धक्काही नव्हता. कोणीतरी कधीतरी हे विचारणारच होतं आणि ती इतकी वर्षं त्याची वाटच पाहत होती, असं मला वाटलं. मला उठून काहीतरी बोलावं असं वाटत होतं. माझी सोयरीक, माझा बाप, ओट्यावरची ती चर्चा, हे सगळं सांगावं. पण गाण्यातून विचारलं होतं, गाण्यातूनच उत्तर जायला हवं होतं, आणि ते तिचंच होतं.

तिनं खुंटा पुन्हा धरला. जातं फिरवलं. आणि सगळ्या अंगणासमोर मधलं कडवं म्हटलं:

दिली शिदोरी बांधून, फिरवली माघारी
लेक गेली माह्या हातानं, इहिरीच्या दारी

मग आत्या मांडी बदलून मोठ्यानं म्हणाली, ‘ऐकलं ना वं बायाहो? म्या नाही म्हनलं, तिच्या मायनंच कबूल केलं. आमी एवढी वर्सं फुकट शिव्या खाऊन राह्यलो.’ कोणीतरी ‘हाव बाई’ म्हणालं. आणखी एकीनं मान हलवली. खांबाला टेकलेला जावई सरळ झाला, खिशातून रुमाल काढून त्यानं तोंड पुसलं आणि डीजेवाल्याला म्हणाला, ‘चालू कर बे.’ चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशी ती मी डोळ्यांनी पाहिली, आणि संन्याशानं स्वतःच दोर गळ्यात घातलेला पाहिला.

हळद लागली. नाचही झाला. संध्याकाळी नवरीनं मला आतल्या खोलीत ओढलं. हळदीनं पिवळी झालेली, रडून डोळे सुजलेले. मी विचारलं, ‘तुले कोनं सांगितलं?’

‘कोनं नाही, मावशी. गान्यातच हाय. पहिल्या कडव्यात माय आजीच्या दारात उभी हाय, अन् मंग एकदम इहिरीत. मधात कोनीतरी तिले गाडीत बसवलं असंन ना?’

‘हाव,’ मी म्हणाले.

‘मले फक्त आजीच्या तोंडून ऐकाचं व्हतं,’ ती म्हणाली. ‘मले तिची कीव येत व्हती. मी मनात म्हनलं, एकदा बोलली की तिचं ओझं उतरंन. पन त्या लोकायनं लगेच धरलं. मले नाही समजलं असं होईन म्हनून.’ मी तिला जवळ घेतलं. ती पोर विशीतली. मोठमोठ्यांना जे सुचत नाही ते तिला कसं सुचावं?

येताना जीपमध्ये मोठी माय खिडकीशी बसली होती. मी पोरीचं बोलणं तिला सांगितलं. ‘हुशार हाय,’ एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं ते गाणं म्हटलं नाही. पहिलं नाही, तिसरं नाही. नवीनही काही जोडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात माहेरी आमच्या गल्लीत एक लग्न होतं. दुसरबीडकडून पाहुण्या बाया आल्या होत्या. मांडवात गाणी सुरू झाली, आणि त्यातल्या एका तरण्या बाईनं टाळी देत मधलं कडवं काढलं. तेवढंच. मागचं नाही, पुढचं नाही. चालही लग्नाला शोभेल अशी उडती केलेली. कोणीतरी विचारलं, ‘कायचं वं हे?’ तर ती हसून म्हणाली, ‘आमच्याकडं म्हनतात. एका मायनं आपल्याच लेकीले मरनाच्या दारी धाडलं, तिचं गानं हाय.’ एवढीच हकिकत तिकडे उरली आहे. कोणाची पाठ, कोणाचे वळ, कोणाची विहीर, सगळं गळून गेलंय. मार देणारा माणूस त्या गाण्यात आता कुठेच नाही.

माझं डोकं फिरलं. मी उठले. त्या बाईला तिथल्या तिथं सगळं सुनवायचं, असं ठरवूनच उठले. मोठी माय माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझ्या साडीचा पदर धरून मला खाली ओढलं.

‘बस,’ ती म्हणाली. ‘म्हनू दे तिले. खोटं थोडीच हाय ते.’